आभार कोणाचे मानले?

संयुक्त महाराष्ट्राच्या सभांचे ते दिवस. मी गिरगावातल्या चाळीतून कॉलेजात जात होते, मानसशास्त्र घेतलं होतं आणि भांडायला कायम तयार होते. आमच्या सरांना परदेशातल्या एका विद्यापीठाने काम दिलं होतं: निरनिराळ्या समाजांतल्या विद्यार्थ्यांची कृतज्ञता मोजायची. वर्गात मराठी, गुजराती, पारशी, मद्रासी, गोव्याचे ख्रिश्चन अशी सगळी मंडळी होती, त्यामुळे सरांना कुठे लांब जायची गरजच नव्हती. मोजायचं साधन म्हणजे तिकडून आलेला एक प्रश्न: काल तुम्ही कोणाकोणाचे आभार मानलेत? नावं जितकी जास्त, तितकी कृतज्ञता जास्त.

उत्तरं आली आणि आम्ही मराठी मुलं तळाला गेलो. बहुतेकांनी ‘कोणाचेच नाही’ असं लिहिलं होतं. परळच्या एकाने मात्र लिहिलं होतं, ‘अध्यक्षांचे आणि लाउडस्पीकरवाल्यांचे.’ बिचाऱ्याने आदल्या संध्याकाळी भोईवाड्यातल्या सभेत आभारप्रदर्शन केलं होतं. आमच्याकडे आभार ही सभेच्या शेवटी, लोक चपला शोधत असताना मानायची गोष्ट. घरात कोण कोणाचे आभार मानतो? वर्ग पोट धरून हसला, मीही हसले.

मग सर म्हणाले की मराठी विद्यार्थ्यांत कृतज्ञतेची भावना दुबळी आहे, असा निष्कर्ष ते तिकडे कळवणार आहेत, आणि तो त्यांनी फळ्यावर लिहिलाही. माझं हसू पळालं. मुंबई कोणाची यावरून शहर पेटलेलं, आणि आमचेच सर, स्वतः दादरचे, आम्हाला कृतघ्न ठरवून सातासमुद्रापार कळवणार! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मी उभी राहिले आणि सुटलेच. म्हटलं, आईने सकाळी डबा करून दिला म्हणून मी तिचे आभार मानले, तर ती हातातलं काम टाकून माझ्या तोंडाकडे बघत बसेल. शेजारणीने वाटीभर आमटी दिली तर आम्ही आभार मानत नाही. पण ती वाटी रिकामी परत जात नाही, घरात काही नसलं तर चिमूटभर साखर तरी जाते. हे या मोजमापात कुठे बसतं? सर शांतपणे म्हणाले, तू मराठी, तू आपल्या माणसांचीच बाजू घेणार. ते काही शास्त्र नव्हे.

तेवढ्यात मागच्या बाकावरची भुलेश्वरची गुजराती मुलगी उठली. मुंबईवरूनच आमचं कडाक्याचं वाजलं होतं आणि तेव्हापासून आम्ही एकमेकींशी बोलत नव्हतो. सरांच्या तक्त्यात ती सगळ्यांच्या वर होती. आता ही जखमेवर मीठ चोळणार, असं मी धरूनच चालले.

“सर, मी लिहिलेली नावं सगळी कॉलेजातली आहेत,” ती म्हणाली. “लायब्ररीवाले, शिपाई, तुम्ही. घरचं एक पण नाव नाही. आईला मी थँक यू बोलली तर ती रडेल. बोलेल, मी काय परकी झाली?”

सरांनी मग वर्गालाच विचारलं, शेजारच्यांची वाटी तुमच्या घरून भरून जाते की रिकामी? भरून म्हणणाऱ्यांचे हात वर झाले आणि बघते तो सगळा वर्ग: पारशी, मद्रासी, गोव्याचे, आणि सगळ्यात उंच हात तो लाउडस्पीकरवाल्यांचे आभार मानणाऱ्याचा. सरांनी फळ्यावरचा निष्कर्ष पुसला. त्या जागी त्यांनी वाटीचा प्रश्न लिहिला आणि म्हणाले, तिकडच्या मुलांनाही आता हाच विचारायला सांगतो. वर्गाने बाकं बडवली. मला तर मैदान मारल्याचा आनंद झाला होता, आणि तो लपवायचा मी काही प्रयत्न केला नाही.

मधल्या सुट्टीत मी मागच्या बाकावर जाऊन बसले. काहीतरी बोलावं असं फार वाटत होतं. तिने डबा उघडला आणि मी न विचारता एक ठेपला उचलला. तिने लोणचं माझ्याकडे सरकवलं.