पान बदलून नाही राहिलं

पान बदलूनच नाही राहिलं. मी शब्द बदलला, सेव्ह केलं, पाह्यलं, तेच जुनं. पुन्हा केलं, तेच. मांगं मोहगावचे संत्र्याचे व्यापारी खुर्ची टाकून बसलेले, बाजूले माहे भासरे, नवऱ्याचे मोठे भाऊ. सौंसरचं हे वेबसाइटचं दुकान त्यायचंच. मी दहावी नापास असून त्यायनं मले शिकवलं, आन आज ठरणार होतं मी कामावर राहीन का नाही. नाही त पोरीले वावराच्या मेरेवर, बांधावर निजवून लोकायच्या कपाशीत निंदाले जाणं हायेच.

"गावाचं नाव त बदलाचं हाये," व्यापारी म्हणे. "बाई, एवढ्यात माही गाडीभर संत्री उतरली असती."

मी अक्षर मोठं केलं, लाल केलं, एक ओळच काढून टाकली. काहीच नाही. मंग लिहिलेलं पोचते तरी का पाहाले सगळ्यात वर टाकलं, 'दिस ना रे बाबा, मरते मी.' तेही दिसलं नाही.

तवा डोक्यात आलं. आमच्याकडे मी बदलते तो साचा, त्यातून लोकायले दिसते ते पान बनते. एक सेटिंग असते. चालू असली त साचा बदलला का पान नव्यानं बनते. बंद असली त आधी बनलेलंच दाखवते, पण झटकन उघडते. काम करताना चालू ठेवाची, गिऱ्हाइकाले दाखवताना बंद. काल मी पांढुर्ण्याच्या बसले निघाली तवा भासरे कोणाले तरी पान दाखवून राहिले होते. त्यायनं बंद केलेली सेटिंग तशीच राहिली.

मी वरची ओळ पुसाले गेली, तोवर भासऱ्यायच्या बी ध्यानात आलं. त्यायनं आपल्या कम्प्युटरवरून सेटिंग चालू केली. सगळं एकदमच आलं, लाल, मोठ्ठं, मोडकं.

व्यापाऱ्यानं वाचलं. "काहून भाऊ, माह्या संत्र्यानं कोणाले मारलं?"

भासरे माह्याकडे पाहत नाहीत, मी त्यायच्याशी बोलत नाही, आमच्यात तसंच हाये. ते व्यापाऱ्यालेच म्हणे, "घरचं माणूस ठेवलं का असं होते. सेटिंग चालू करून बसावं हेही कळत नाही."

बंद तुमीच केली, हे माह्या जिभेवर आलं होतं. पदर पुढं ओढला आन वरची ओळ पुसली.

मी घरी पोचाच्या आधी सासूले भासऱ्यायचा फोन आला होता, उद्यापासून तिले पाठवू नका.

नवरा म्हणे, "मंग सांगाचं होतं ना तिथंच."

भासऱ्यासमोर, परक्या माणसासमोर. पोरगी मांडीवर होती. तुमी माह्या जागी असते त बोलले असते का? आन बोलून मंग या घरात राहिले असते कसे?