खिडकीतली टिबी

एडिनबरा शहरात रस्तोरस्ती मीठ विकणाऱ्या एफी हॅडोला थंडी सोसत होती, उपास सोसत होता. मंगो रेनीच्या दुकानाची खिडकी मात्र सोसवत नव्हती. रेनी तांब्याच्या पत्र्यावर गावातली तऱ्हेवाईक माणसे कोरी आणि त्यांचे छाप खिडकीत लावी. त्या मानाच्या रांगेत आता टिबी गूर्ले लागली होती: फरशीवर पसरायची वाळू विकणारी, तोंडात चिलीम, एका डोळ्यावर काळी पट्टी. ज्यांच्याकडे एरवी कोणी मान वळवून पाहत नाही, त्यांच्यात नजरेची वाटणी झाली की वैर उपजते. एफीचे तसेच झाले.

ती तडक दुकानात शिरली. "माझ्यात काय कमी आहे? तीन टोप्या घातल्यात मी!"

"परवा एकही नव्हती, एफीबाई," रेनी म्हणाला. "माझ्यासाठी सजून आलेलं माणूस मला काढता येत नाही."

बाहेर येऊन तिने चित्राकडे डोळे फाडून पाहिले आणि तिला हर्ष झाला. टिबीचा डावा डोळा गेलेला. चित्रातली पट्टी उजव्यावर! समोर दिसले तसेच रेनीने पत्र्यावर कोरले होते. छापताना सारे उलटले होते.

"अहो, या, बघा!" एफी ओरडली. "ही टिबी नव्हेच! दुसरीच कुणी भवानी आहे!"

दुसऱ्या दिवसापासून हमाल टिबीला अडवू लागले. "काय गं, खरी तू की खिडकीतली?"

आठवड्याने टिबी भिंत चाचपत येताना दिसली. टोपलीतली वाळू सांडत होती. पट्टी उजव्या, धड डोळ्यावर होती.

"अगं बये, आंधळी झालीस की!"

"चित्रात आहे तशी झाले."

"दिसतंय का काही?"

"मला दिसून काय करायचंय, एफी? उभा जन्म दिसतच होतं. आता मी दिसते."

एफीच्या पोटात दयेआधी मत्सरच पेटला: एवढे धाडस आपल्याला सुचले नसते. पुढे उतरत्या पायऱ्या होत्या. चरफडत तिने टिबीचा हात धरला, आणि मग तो रोजच धरावा लागला. टोप्या केव्हाच घरी राहिल्या.

वसंतात रेनीने खिडकीत नवा छाप लावला. त्यात दोघी होत्या. एफीला वाचता येत नव्हते. तिने एका हमालाला खाली काय लिहिलेय ते विचारले.

"टिबी गूर्ले, वाटाडीसह."

"वाटाडीचं नाव?"

"नाही लिहिलेलं."

एफी टिबीला घेऊन काचेजवळ सरकली. चारचौघांसमोर पट्टी वर करणे टिबीला शक्य नव्हते. तिने कुजबुजत विचारले, "एफी, कशी दिसते गं मी?"

"तू?" टिबीचा हात न सोडता एफी म्हणाली, "तू कुठे दिसतेस? सगळी मीच दिसते."