सोडून दिलेला मरळ

आमचे हे सुभेदार म्हणून फौजेतून रिटायर होऊन गावी आले, तेव्हा मला वाटलं, आता ऊस बघतील, चार लोकांत उठतील-बसतील. ह्यांनी मासे धरायचं काढलं. आपल्याकडं जाळं टाकतात तसं नव्हे. मोबाईलवर कुठले तरी गोरे लोक नदीत गळ फेकतात, मासा लागला की आरडाओरडा करतात, त्याचा मुका घेतात आणि परत सोडून देतात. जेवताना ह्यांचं तेच चालू.

एकदा सासूबाईंनी विचारलं, "कसला मासा हाय त्यो?"

"बास," हे म्हणाले.

"आरं, बास काय? इचारलंय तर सांग की."

"आई, बासच."

"बरं बाबा, न्हाई इचारत," म्हणत त्या ताट उचलून ओसरीवर गेल्या आणि दुसऱ्या दिवसापर्यंत बोलल्या नाहीत.

आपल्या कृष्णेत बास नसतो, हे ह्यांनाही ठाऊक होतं. पण मरळ असतो, आणि बेडूक दिसला की मरळही तशीच झडप घालतो, असं ह्यांचं म्हणणं. मग कुरिअरनं एक लवचिक रॉड आला. सोबत डबीत रबरी बेडूक, पोटाखाली आकडे लपवलेला.

रोज सकाळी हे घाटावर उभे राहून बेडूक फेकायचे आणि ओढून घ्यायचे. शेजारचे म्हातारे आप्पा गुडघे दुखतात म्हणून तिथंच पायरीवर बसून असायचे. एकदा बेडकानं त्यांची टोपी उचलली आणि पार पाण्यात नेली. टोपी परत आल्यावर आप्पांनी ती पिळून डोक्यावर घातली. म्हणाले, "फौजेत आसंच मारायचास व्हय रं?"

आणि एके दिवशी खरंच मरळ लागला. ह्यांचा फोन आला, "फोटो काढायला ये." मी सासूबाईंना खोबरं भाजायला सांगितलं आणि पातेलं घेऊनच पळाले.

चांगला हातभर मरळ होता. घाटावर गर्दी जमलेली. मी फोटो काढला. मग ह्यांनी गुडघ्यावर बसून मासा अलगद पाण्यात धरला, म्हणाले, "जा राजा," आणि तो गेला. मी पातेलं धरून उभी.

"सोडला?" आप्पा ओरडले. "का रं गड्या?"

"खेळ हाय ह्यो, आप्पा. धरायचा आन् सोडायचा."

"खेळ हाय म्हनून मरळाला म्हाईत हाय का?"

घरी आल्यावर त्या वाटणात मी वांगी घातली आणि ताट जरा आपटूनच वाढलं.

एवढा मोठा मासा माणूस उगाच कशाला सोडेल? गावानं विचार केला आणि नवसाचा असणार, असं ठरवलं. त्यात दुसऱ्या दिवशी आप्पा कुणाचा आधार न घेता पायरीवरनं उठले. "जाताना मरळानं माझ्या गुडघ्याकडं बगितलं," असं ते ज्याला त्याला सांगत सुटले.

मग लोक यायला लागले. मिरजेहून एक बाई बर्फात घातलेला मासा घेऊन आल्या. मुलीचं लग्न जमत नव्हतं.

हे म्हणाले, "ताई, हा मेलेला आहे."

"तुमी सोडा तर. म्होरचं त्यो बघंल."

ह्यांनी सोडला. मासा पोट वर करून वाहत निघाला. बाईंनी हात जोडले. "कसा शांतपनी चाललाय बगा."

म्हसवडच्या पलीकडनं एक अख्खं कुटुंब टेम्पो करून आलं. त्यांच्या बोअरला पाणी नव्हतं. कॅनमध्ये जिवंत चिलापी होती. ह्यांचा पारा चढला. "मी देवरुषी न्हाई, सुभेदार हाय!"

त्यांच्यातले म्हातारबा शांतपणे म्हणाले, "तेच की. साद्या शिपायाचं काम न्हाई हे."

शेवटी ह्यांनी घाटावर जाहीर केलं, "उद्या मासा धरणार, हितंच शिजवणार आन् सगळ्यांच्या म्होरं खाणार." खरं सांगते, मला फार आनंद झाला. सकाळीच वाटण करून मी तीन दगडांची चूल मांडली. दुपारपर्यंत मरळ लागला. मी रस्सा केला. लोक मांडी घालून बसले होते. ह्यांनी भाकरी कुस्करली, एकेकाकडं डोळे वटारून बघत खाल्ली आणि म्हणाले, "बघा. मासा हाय. खाल्ला. संपलं."

आप्पा उठले. टोपी काढली, पुढं येऊन ओंजळ धरली. त्यांच्यामागं सगळी रांग.

"आई, तू तरी सांग ह्यांस्नी," हे रडकुंडीला आले.

सासूबाईंनी माझ्या हातातली पळी घेतली आणि रांगेकडं बघून म्हणाल्या, "उजवा हात. दोनदा येऊ नगा."

इतकी वर्षं मी स्वयंपाक करतेय, पण माझा रस्सा डोळे मिटून, कपाळाला हात लावून खाल्लेला मी त्या दिवशीच बघितला. फक्त मिरजेच्या बाई परत आल्या होत्या, त्या कानात म्हणाल्या, "मीठ जरा कमी पडलंय." त्यांच्या मुलीचं जमलं होतं, म्हणून मी ऐकून घेतलं.

आता हे मोटारसायकल काढून लांब वर, कराडच्या बाजूला जातात. तिथं कुणी ओळखत नाही म्हणे. परवा घरी आले तर रॉडच्या पिशवीत हळदकुंकू लावलेला नारळ.

"हा कुणी दिला?" मी विचारलं.

"फोड," हे म्हणाले, "आन् चटणी कर."