क्लिपच्या आधीचं लिहा

संध्या शिवलकर मिरकरवाड्यातली, दर्यावर पोट असलेल्या घरातली. रत्नागिरीतल्या एका ज्युनिअर कॉलेजात ती तासिका तत्त्वावर मराठी शिकवायची. नेमणूक दरवर्षी नव्याने.

२००७ च्या पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी एक होडी उलटली आणि तिच्यातला मच्छीमार जानू बुडून गेला. त्याची बायको तुळसा धक्क्यावर ऊर बडवत होती, तेव्हा कुणीतरी मोबाईलवर तिला टिपलं, वर नाचाचं गाणं चढवलं. ब्लूटूथवरून ती क्लिप बारावीच्या वर्गात पोचली. मुलं हसली.

संध्या आधी तुळसाकडे गेली. "वर्गात बोलू का गं यावर?"

"बोल," तुळसा म्हणाली. "पन दया करा म्हनून सांगू नको. भीक नको मला."

दुसऱ्या दिवशी संध्याने विचारलं, "क्लिप कुणी पाहिली?" हात भराभर वर गेले. "तिच्या नवऱ्याचं नाव?" सगळे हात खाली. मग तिने पुरात मूल गमावलेल्या एका आईची कथा सबंध वाचली, कुठेही न थांबता. शेवटी म्हणाली, "आता तुम्ही लिहा. क्लिप सुरू होण्याआधी त्या बाईचं काय चाललं होतं?"

ऋजुता, एका आंबा बागायतदाराची मुलगी, तिने लिहिलं: कालवण निवत होतं. त्याला उशीर झाला म्हणून ती चिडली होती. आल्यावर काय काय सुनवायचं, ते मनात जुळवत होती.

त्या रात्री ऋजुता रडत राहिली, जेवली नाही. तिचे वडील श्यामराव संस्थेच्या कार्यकारिणीवर होते. ते थेट प्राचार्यांच्या केबिनमध्ये आले. "पोरींना रडवायला पाठवतो काय आम्ही? पोर्शन शिकवा!"

"पोर्शन होईल," संध्या म्हणाली. "पण रडली म्हणून तक्रार करता, तीच पोरं हसली तेव्हा कुठे होतात?"

प्राचार्य मध्ये पडले. "मॅडम, दिलगिरीचे दोन शब्द लिहून द्या. विषय संपवू."

"नाही देणार, सर."

"पुढच्या वर्षीचं अवघड होईल."

"होऊ दे."

आणि झालंच. पुढच्या जूनमध्ये तिचे तास दुसऱ्याला गेले. संध्या घरी येऊन खूप रडली, रागानेच. नंतर ती मच्छीमार सोसायटीत गेली आणि जाळी विणायची शेड रविवारच्या सकाळपुरती मागून घेतली.

पहिल्या रविवारी मोजकीच मुलं आली. ऋजुता बापाला सांगून आली होती, न विचारता. जिने वर्गात क्लिप पुढे पाठवली होती ती मनस्विनीही आली, मान खाली घालून एका कडेला बसली. ती क्लिप काढणारा कोण, ते कधीच कळलं नाही.

जाळं सांधत बसलेले रावजी कुरकुरले, "हितं गोष्टी कसल्या गो वाचतंस? आमची कामाची जागा."

"हेही कामच आहे, काका," संध्या म्हणाली. "जरा सरका."

ते सरकले. तिने पुस्तक उघडलं.