हवामामांचा पट्टा

त्या पंक्चरवाल्याला सगळे हवामामा म्हणत. अर्धं नाव धंद्यामुळे पडलं होतं, अर्धं बोलण्यामुळे.

एकदा ट्रकचं चाक उचलताना मामांच्या जांघेत लिंबाएवढा फुगा आला. आडवं होऊन तळव्याने दाबला की गुमान आत जायचा, उभं राहिलं की पुन्हा हजर. मामांनी मामीला ताकास तूर लागू दिली नाही. ते अधूनमधून टायरांच्या ढिगामागे जाऊन आडवे होत. कामाच्या वेळी नवरा झोपतो, यात मामीलाही काही नवल वाटलं नाही.

समोरच्या दवाखान्यातल्या सर्जनबाई स्कूटर घेऊन आल्या, तेव्हा मामांनी "माझ्या एका मित्राला" म्हणून सगळं सांगितलं. बाईंनी मित्राला तपासायला बोलावलं. गेले अर्थातच मामा.

"हर्निया आहे," बाई म्हणाल्या. "जन्माआधी पुरुषांचे अंडगोल पोटातून खाली उतरतात. ती वाट नीट बुजली नाही, की पुढे कधीतरी आतडं तिथून डोकावतं. अडकून बसलं तर जिवाशी खेळ. ऑपरेशन करून आत जाळी बसवू."

जाळी म्हणताच मामांचं तोंड वाकडं झालं. फाटक्या टायरला आतून ठिगळ लावतात, त्याला गेटर म्हणतात. मामांनी आयुष्यभर गेटर लावले होते आणि गेटरवाल्या टायरवर स्वतः कधी बसले नव्हते.

"नुसते टाके घाला की, मॅडम."

"कमजोर मांस ताणून शिवलं तर पुन्हा उसवायची भीती जास्त. जाळीच्या भोकांतून तुमचंच मांस वाढतं, रबरासारखं ते परकं राहत नाही. पण खोटं कशाला सांगू, काहींना नंतर बरेच दिवस दुखतं. आम्हा डॉक्टरांचंही यावर एकमत नाही."

हे शेवटचं वाक्य मामांनी घट्ट धरून ठेवलं. डॉक्टरांचंच ठरत नाही, तर आपण कशाला घाई करायची! दुकानाच्या बाकावर लगेच दोन पक्ष पडले. निवृत्त पोस्टमास्तर टाकेवाले. पुरावा म्हणून त्यांनी भर दुकानात पँट खाली सरकवून व्रण दाखवला. सलूनवाला जाळीवाला. त्याला नुसत्या तोंडावर भागवावं लागलं, कारण जाळी त्याच्या सासऱ्याला होती. दोघेही "मित्राची" चौकशी मामांच्या जांघेकडे बघून करत.

दरम्यान मामांनी स्वतःचा इलाज शोधला. जुन्या ट्यूबचा पट्टा कापला, त्याला वॉल्व बसवला आणि सदऱ्याखालून जांघेवर दाबून कमरेला बांधला. फुगा बाहेर आला की पंपाने पट्ट्यात थोडी हवा भरून तो दाबायचा. चार दिवस झकास गेले. पाचव्या दिवशी फुगा हट्टाला पेटला, मामाही पेटले, आणि भर दुपारी ट्यूबचा असा बार उडाला की रस्त्यावरचे तीन स्कूटरवाले खाली उतरून आपापली चाकं बघू लागले.

मामा जमिनीवर बसले होते. फुग्याचं आता लिंबाचं मोसंबं झालं होतं आणि तो आत जाईना. मामी धावत आली, सदऱ्याखाली लोंबणारं रबर तिने पाहिलं आणि काही न विचारता त्यांना दवाखान्यात नेलं.

बाईंनी पाय उंच करवून, हळूहळू चुचकारत फुगा आत घातला. "या खेपेला गेला. पुढच्या खेपेला अडकला तर आतडं काळं पडेल. मग जाळी की टाके, हे विचारायला वेळ नसेल."

मामी त्या फाटक्या रबराची घडी पुन्हा पुन्हा घालत होती. मामांना ते दिसलं आणि पहिल्यांदाच खरी भीती वाटली, ती आपल्या जांघेची नव्हती.

तरी खोड जाईना. "मॅडम, तुमच्या वडिलांना असतं तर काय केलं असतंत?"

"त्यांना होता. माझ्याच सरांनी जाळी बसवली."

"दुखतं त्यांना?"

"पाऊण तास चाललं की ओढल्यासारखं वाटतं म्हणतात. भेटले की माझ्यापाशी कुरकुर करतात."

"बघा!" मामा मामीकडे वळले. "कुरकुर करतात."

मामीने पदराने डोळे पुसले.

"म्हणजे कुरकुर करायला आहेत," ती म्हणाली. "मॅडम, जाळी बसवा. कुरकुर मी ऐकीन."