नसलेली गोडी

दुर्बिणीसारखी दिसणारी ती वीतभर नळी मी आज खिडकीशी नेली. यांचा रिफ्रॅक्टोमीटर. हे घरी द्राक्षाची वाइन करायचे. रसाचा थेंब काचेवर टाकायचे, वरचं झाकण मिटायचे आणि नळी उजेडाकडे धरून एका डोळ्यानं आत बघायचे. आत निळा आणि पांढरा रंग जिथे मिळतो, त्या रेघेवर साखर किती ते कळतं.

यांनी घातलेली शेवटची बरणी अजून ओट्याखालीच आहे. हे गेले त्या दिवशी ती आंबत होती. भेटायला आलेली माणसं गप्प बसलेली, आणि मधूनच स्वयंपाकघरातून बुडबुड.

आज त्यातला थेंब टाकला, तर रेघ चांगली वर.

"अगं, गोडी आहे अजून!" मी लेकीला म्हटलं.

"आई, एकदा आंबलं की तो खोटं दाखवतो. बाबाच सांगायचे ना? दारूही उजेड वाकवते, त्याला ती साखर वाटते."

मी चमचाभर चाखली. गोडीचा मागमूस नव्हता.

नसलेलं माणूसही घराला असंच वाकवतं की काय कोण जाणे. टीव्हीचा आवाज मी अजून यांना ऐकू जाईल एवढा ठेवते.

पुन्हा डोळा लावला. रेघ तिथेच होती, जरा पुसट.

"डोळ्याजवळची कडी फिरव, स्पष्ट दिसेल," लेक म्हणाली.

ती कडी यांच्या नजरेला लावलेली आहे. मी पुसटच बघत राहिले.