काचेतला उजवा

दुकानाच्या काचेत कायम उजवाच बूट मांडतात. डावा आत, खोक्यात. एकटा बूट चोरून चोराला काही साधत नाही, या एका विचारावर धंद्यातली ही पद्धत उभी आहे. पण काचेवर दुपारभर ऊन असतं, आणि ऊन चोरापेक्षा चिकाटीचं. पाच-सहा महिन्यांनी नवा माल आला की काचेतला उजवा खाली उतरतो, खोक्यातल्या डाव्याशेजारी ठेवला जातो, आणि तेव्हा दिसतं की भाऊ भावाला ओळखत नाही. डावा गडद निळा, उजवा धुऊन धुऊन विटलेल्या चादरीच्या रंगाचा. असली जोडी गिऱ्हाइकापुढे ठेवता येत नाही. ती दुकानातल्या माणसांना निम्म्या किमतीत मिळते.

त्या दुकानातला सगळ्यात जुना विक्रेता सत्तावीस वर्षं अशाच जोड्या घालत आला. पुरुषांचा काचेतला नमुना नेहमी सात नंबरचा असतो आणि त्याचा पायही सात. हा निव्वळ योगायोग होता, पण तो त्याला आपली कर्तबगारी समजत असे. मुलगी शाळेत असताना तिच्या मैत्रिणी म्हणायच्या, "तुझ्या बाबांचा एक पाय सख्खा आहे आणि एक सावत्र." तिने रडत रडत हे घरी सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "दोघांना सारखंच चालवतो की नाही, ते विचार त्यांना."

दुकानात त्याला मापाडी म्हणत. माणूस दारातून आत येऊन बाकावर टेकेपर्यंत त्याचा नंबर याच्या डोक्यात तयार असे. माप घ्यायची लाकडी पाटी स्टुलाखाली पडलेली होती, पण तिला हात लावणं त्याला कमीपणाचं वाटे. "हातच्या काकणाला आरसा कशाला?" गिऱ्हाइकाने आठ नंबर मागितला आणि पाय नऊचा असला, तर तो वाद घालत नसे. नऊ आणून द्यायचा आणि म्हणायचा, "या कंपनीचं माप जरा लहान येतं." सत्तावीस वर्षांत त्याने जगातल्या सगळ्या कंपन्यांना बदनाम केलं, पण एकाही गिऱ्हाइकाला त्याचा पाय मोठा आहे हे तोंडावर सांगितलं नाही.

रोजच्या वापराला स्वस्तातले स्पोर्ट शूज कसे घ्यावेत, यावर त्याचा शब्द आसपासच्या चार गल्ल्यांत प्रमाण होता. संध्याकाळी या, म्हणायचा, दिवसभरात पाय फुगतो आणि खरा पाय तोच. दोन्ही घालून बघा, एकावर भागवू नका. पुढे अंगठ्याची रुंदी मोकळी हवी. बूट हातात धरून वाकवा. पाय जिथे वाकतो तिथेच वाकला तर घ्या, मधूनच वाकला तर परत ठेवा. तळव्यातून दिसणाऱ्या त्या हवेच्या फुग्याचे पैसे देऊ नका, ती हवा इथेही फुकट आहे. पांढरा रंग सुचवायची त्याला मालकांची ताकीद होती, म्हणून तो पांढरा दाखवायचा आणि हळूच विचारायचा, "घरी धुणार कोण?" एवढं झालं की शेवटचा प्रश्न, "चावतो का कुठे?" गिऱ्हाईक चार पावलं चालून नाही म्हणालं की सौदा पक्का. त्याच्या सगळ्या विद्येचा शेवट या तीन शब्दांत होत असे.

त्याची बायको गल्लीच्या टोकाच्या लॉन्ड्रीत इस्त्री करायची. तीस वर्षं, रोज आठ तास, उभ्याने, रबरी सपाता घालून. सपातेच्या मागे तिची टाच बोटभर बाहेर लोंबकळत असे. हे त्याला रोज दिसत होतं, म्हणजे डोळ्यांना दिसत होतं. घरी त्याची नजर कामावर नसायची.

मग तिची साखर वाढली. डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला सांगितले आणि नायलॉनच्या एका ताठ दोऱ्याने पायाला ठिकठिकाणी टोचलं. टोचलं की हो म्हणायचं होतं. डॉक्टरांचं दहा वेळा टोचून झालं तेव्हा ती डोळे मिटूनच म्हणाली, "करा ना सुरू, मी तयार आहे."

नवरा शेजारीच बसला होता. डॉक्टर दोघांना उद्देशून म्हणाले, "पायातली जाणीव गेली आहे. म्हणजे दुखणार नाही, आणि तेच वाईट. रोज चाळीस मिनिटं चाला, पण सपाता बंद. नीट बसणारे बंद बूट घ्या. पायाला जखम झाली तर यांना कळणार नाही, आणि चिघळली तर बोट काढायची पाळी येते."

बोट काढायची पाळी हे शब्द दोघांनीही नीट ऐकले.

"बूट? मी?" घरात शिरल्यावर ती म्हणाली. "या वयात परेड करू का?"

"माझ्यावर सोड," मापाडी म्हणाला. तिने सोडलं, कारण चार गल्ल्या सोडत होत्या.

चारच दिवसांनी काचेतला बायकांचा नमुना उतरला. जांभळा जोड, हलका, दिसायला देखणा. बायकांचा नमुना पाच नंबरचा असतो, कारण लहान बूट काचेत नाजूक दिसतो. बायकोचा नंबर पाच, हे मापाड्याला पाठ होतं. लग्नानंतर त्याने तिला पहिल्या चपला आणल्या होत्या त्या पाचच्या होत्या, आणि बसल्या होत्या. त्यानंतर एक बाळंतपण आणि इस्त्रीची तीस वर्षं होऊन गेली, पण पाठ केलेली गोष्ट कोण तपासतो?

त्याने खोकं तिच्यापुढे ठेवलं आणि स्वतः खुर्चीत बसला. दुकानात तो दिवसातून चाळीस वेळा लोकांच्या पायाशी बसत असे. घरी खाली बसणं त्याला ओव्हरटाइम वाटायचं.

"एक जांभळा आणि एक मेलेला," ती म्हणाली. "सावत्र का होईना, माझ्याही नशिबी आला म्हणायचा."

"चालताना कोण बघतं? चावतो का कुठे?"

ती या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालली. "नाही."

"बोटं लागतात पुढे?"

"अजिबात नाही. पाय आहे की नाही तेही कळत नाही, इतके हलके आहेत."

"बघ," तो म्हणाला. त्याच्या आवाजात जो समाधानाचा सूर होता, तो त्याला पुढे बरेच दिवस आठवणार होता.

ती शेजारणीबरोबर मैदानाला फेऱ्या मारू लागली. चाळीस मिनिटं सांगितली होती, ती पन्नास चालायची. लॉन्ड्रीत कपडे द्यायला येणाऱ्या बायकांना काउंटरवरून पाय वर करून बूट दाखवायची. शेजारणीच्या पायाला पहिल्याच आठवड्यात फोड आला. "तुझ्या बुटांचं काही दुखणं नाही बाई," शेजारीण लंगडत म्हणाली. "नवरा त्या धंद्यातला असला की असं असतं." बायको हसली. अकरा दिवस हे असं चाललं.

अकराव्या दिवशी मुलगी कपडे भिजवायला बसली आणि एक मोजा हातात धरून तशीच थांबली.

"आई, हा डाग कसला?"

"शाई असेल."

"तू काय पायाने लिहितेस? इकडे ये. बस. पाय दे."

उजव्या पायाच्या करंगळीवरची कातडी गेली होती आणि खाली लाल ओलं दिसत होतं. अंगठ्याचं नख काळं पडलं होतं. आईने वाकून, दुसऱ्या कुणाचा पाय बघावा तसं, कुतूहलाने बघितलं. "अगं बाई," ती म्हणाली, "हे कधी झालं?"

मापाडी दुकानातून आला तेव्हा दोघी रिक्षा बोलवून त्याची वाट बघत होत्या. त्याने करंगळी बघितली. मग जे बोलू नये तेच पहिल्यांदा तोंडातून निघालं, "पण चावत नाही म्हणालीस की तू."

"नव्हताच चावत," ती म्हणाली. "मला कुत्रा चावला तरी कळायचं नाही आता. डॉक्टर तुमच्या देखतच म्हणाले ना, अहो?"

त्यावर त्याच्यापाशी कुठल्याच कंपनीचं नाव नव्हतं.

डॉक्टरांनी जखम साफ केली, पट्टी बांधली. तीन आठवडे चालणं बंद, लॉन्ड्री बंद, एक दिवसाआड पट्टी. "आणखी आठवडा गेला असता तर आपण बोटाबद्दल बोलत बसलो असतो," ते म्हणाले. "अजूनही बघू. बूट कुणी निवडले?"

"दुकानातून घेतले," बायको म्हणाली. इतकंच. मापाडी भिंतीवरचा तक्ता वाचत राहिला. तक्ता डोळ्यांच्या तपासणीचा होता.

त्या तीन आठवड्यांत दुकानात त्याच्या हातून दोनदा चूक झाली. एका बाईला सहा आणून दिला, तिला पाच लागला. धंद्यात हे कुणालाही होतं. त्याला होत नसे.

जखम भरली. चौथ्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले, बोट वाचलं, पण आता चालायचं तर नीट बुटात. त्याच दिवशी संध्याकाळी तो बायकोला दुकानात घेऊन गेला. ती पूर्वी कितीदा त्याचा विसरलेला डबा द्यायला आली होती, पण गिऱ्हाइकाच्या बाकावर पहिल्यांदाच बसली. तो तिच्या पायाशी खाली बसला, स्टुलाखाली हात घालून पाटी ओढली आणि बाहीने पाटीवरची धूळ पुसली.

गल्ल्यावरच्या बाई चष्म्यावरून बघत होत्या. "मापाडी, पाटी? तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे," तो म्हणाला.

डावा पाय सहाच्या रेघेला टेकला. उजवा साडेसहा. रुंदीची पट्टी त्याने सरकवली, पाहिली, पुन्हा सरकवली. ती वाकून बघत होती.

"पाच ना?" तिने विचारलं.

"सात घ्यावा लागेल. रुंद."

"या कंपनीचं माप लहान येतं का?"

गल्ल्यावरच्या बाई एकदम जोरात खोकल्या. मापाडी म्हणाला, "नाही. पाय मोठा आहे." हे वाक्य त्याने त्या दुकानात पहिल्यांदाच उच्चारलं.

बायकांच्या स्वस्त मालात एवढ्या रुंदीचा बूट नव्हता. मालक आतून बाहेर आले, त्यांना प्रश्न कळला आणि उत्तरही लगेच सुचलं. "अरे, पुरुषांचा काचेतला सात आजच उतरवलाय. तुला द्यायचा म्हणून बाजूला ठेवलाय. तो दे की वहिनींना. निम्म्यात जाईल."

मापाड्याने तो उजवा बूट हातात घेतला, वाकवून बघितला, अंगठ्याने आतून दाबला. "नको. उन्हाने ताठरलाय."

"ताठरलाय? सत्तावीस वर्षं तू तेच घालतोस."

"हो," तो म्हणाला. "पण मला चावतात ते कळतं."

सत्तावीस वर्षांत हे मालकांना कुणी सांगितलं नव्हतं. बायकोने त्याच्या उजव्या पायाकडे पाहिलं. त्या पायाच्या करंगळीवर कुरूप होतं, घरात सगळ्यांना माहीत असलेलं. ते तिथे का आहे, हे कुणी विचारलं नव्हतं.

त्याने पुरुषांच्या फळीवरून साधा काळा सात नंबर काढला, काचेत कधीच न गेलेला. आतली गादी बाहेर काढून जमिनीवर ठेवली आणि बायकोला त्या गादीवर उभं केलं. गादीच्या कडेबाहेर पाय कुठे येतो का, हे त्याने चारी बाजूंनी वाकून बघितलं. येत नव्हता. पुढे अंगठ्याएवढी जागा राहत होती. आतल्या शिवणीवरून त्याने बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. चावतो का, हे त्याने विचारलं नाही.

"पुरुषांचा?" ती म्हणाली.

"बुटाला काय कळतंय कुणाचा पाय आहे ते."

"मलाही कळत नाही. जमेल आमचं."

दोन्ही बूट एका रंगाचे होते. घरी जाताना ती मधूनमधून खाली बघत होती.

आता ती पुन्हा मैदानाला फेऱ्या मारते, चाळीसच मिनिटं. जांभळा जोड मापाडी मुलीला देऊ लागला, तर ती म्हणाली, "आधी पाय मोजा." मोजला, तर सहा निघाला. पाच नंबर त्या घरात कुणाचाच नव्हता. जोड कपाटावर आहे.

ती फिरून आली की तो जमिनीवर बसतो. बूट उलटे करून झटकतो, खडा नाही ना म्हणून आत हात घालतो, मग तिचे मोजे उतरवून दोन्ही तळवे खिडकीकडे करतो आणि एकेक बोट वेगळं करून बघतो. दुकानात कुणी इतका वेळ घेतला असता तर मालकांनी कधीच काढून टाकलं असतं.

"काय म्हणतोय पाय?" ती विचारते.

"काही म्हणत नाही."

"मग बरा आहे असं समजू नका."

"नाही समजत," तो म्हणतो, आणि करंगळीपासून पुन्हा सुरुवात करतो.